रिडिंगरचं हरीण आणि ब्रेमचं हरीण

जुनी जर्मन शिकारचित्रं विकायला येतात तेव्हा दोन वेगळ्या वस्तू हमखास एकाच गठ्ठ्यात असतात. एक म्हणजे आउग्सबुर्गच्या योहान एलियास रिडिंगरचा (१६९८–१७६७) ताम्रपटावरून काढलेला छाप. दुसरी, आल्फ्रेड ब्रेमच्या प्राणिजीवनावरच्या ग्रंथातून सुटं केलेलं एकोणिसाव्या शतकातलं पान. दोन्हींत काळ्या रेघा, पिवळट कागद आणि झाडाखाली मान ताठ केलेला शिंगाळा नर. किमतीत मात्र बराच फरक.

चित्राआधी कड बघा. रिडिंगर तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढायचा आणि आम्लाने त्या खोल करायचा. खाचांत शाई भरायची, पत्रा पुसायचा, ओलसर कागद ठेवून रुळांमधून दाबून काढायचा. त्या दाबाने पत्र्याची चौकट कागदात रुतते. बोट फिरवलं की ती लागते. काळ्याभोर जागी शाईही किंचित वर आलेली असते. कागद उजेडासमोर धरला की त्यात जवळजवळ समांतर रेषा दिसतात. (जुन्या संग्राहकांना कडा छाटायची भारी हौस, तसं झालं असेल तर चौकटीची खूण गेलीच.)

ब्रेमकडे सगळं उलटं. कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर पांढरं ठेवायचं तेवढं कोरून काढलेलं आणि उरलेल्या उंचवट्याला शाई. असा ठोकळा खिळ्यांबरोबरच (छपाईच्या सुट्या अक्षरांबरोबर) छापता येतो, म्हणून बऱ्याचदा चित्राच्या खालीवर किंवा पाठीमागे जर्मन मजकूर असतो. मोठ्या चित्रांसाठी ठोकळे जोडत. भिंगातून कधीकधी आभाळात सांध्याची बारीक पांढरी रेघ सापडते. पहिली आवृत्ती १८६४ ते ६९ मधली, सहा खंडांची. १८९० पासूनच्या तिसऱ्या आवृत्तीतली रंगीत पानं आणखी निराळी, ती शिळाछाप. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवादिकांच्या तसबिरीही त्याच पद्धतीच्या.

मला तंत्रापेक्षा जनावरातला फरक जास्त रंजक वाटतो. ब्रेमचं हरीण हा जातीचा नमुना, कोणीही एक. रिडिंगरच्या विलक्षण हरणांच्या मालिकेत मात्र अमुक राजाने, अमुक साली, अमुक रानात मारलेलं ठरावीक जनावर असतं आणि तशी नोंद चित्राखाली कोरलेली असते. जर्मन दरबारांना अशा शिंगांचं वेडच होतं. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मत असलेला राजा) फ्रीडरिश तिसरा याने १६९६ मध्ये मारलेल्या हरणाची ६६ टोकांची शिंगं ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग वाड्यात आजही आहेत. तेव्हा एका बाजूला गाठींचा गुंता आणि दुसरीकडे नुसता सोट असलेलं शिंग दिसलं, तर चित्रकाराचा हात चुकला असं समजू नका.

तळच्या ओळी छाटलेला रिडिंगर मी स्वस्तातही घेणार नाही. अर्धी गोष्ट त्यातच असते. पण ओळी शाबूत आहेत आणि नाव कोरलंय एवढ्यावरही भुलू नये, कारण नकलेत नावही आपसूक येतं. भिंगाखाली सरळ रेघांऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो रिडिंगरही नाही आणि ब्रेमही नाही. फोटोवरून छापलेली नक्कल आहे.