पोत्याचं वजन आणि वहीतलं नाव : माथाडी कायद्याची पार्श्वभूमी

मस्जिद बंदर, दाणा बंदर, चिंचबंदर. वाशीचा बाजार उभा राहण्याआधी मुंबईचं धान्य आणि किराणा या पट्ट्यात उतरायचा. ते उतरवणारे हमाल बरेचसे सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरी तालुक्यांतून आलेले. भरतीची रीत साधी होती. गावचाच कुणी टोळीवाला झालेला असे, तो भावकीतल्या पोरांना घेऊन येई. पोरगा अंगापिंडाने दणकट दिसला की काम सुरू. व्यापारी मजुरी टोळीवाल्याच्या हातात ठेवी, टोळीवाला आपला वाटा कापून उरलेली वाटे. हमालांची यादी असलीच तर त्याच्याच डोक्यात.

तागाचं भरलेलं पोतं तेव्हा क्विंटलचं, म्हणजे १०० किलोचं. दोघांनी हात देऊन ते तिसऱ्याच्या पाठीवर चढवायचं आणि त्याने फळीवरून तोल सावरत ट्रकमध्ये किंवा थप्पीवर न्यायचं. मानेचे आणि कमरेचे मणके वर्षानुवर्षं दबत जातात, ते कुणाच्या नजरेत भरत नाही. फळीवरून पाय घसरणं, थप्पी अंगावर येणं, पोतं ओढताना आकडा हातात घुसणं हे मात्र सगळ्यांसमोर घडे. त्यात मजुरी नगावर. जो दिवस अंथरुणात गेला, त्याचा पैसा नाही. दुखणं अंगावर काढून माणूस पुन्हा कामावर येई आणि साध्या चमकेचं कायमचं अपंगत्व होई.

कायदे नव्हते असं नाही. कामावर इजा झाल्यास भरपाई देणारा कायदा १९२३ सालचा. पण भरपाई मालकाकडे मागायची, आणि इथे मालक कोण? व्यापारी म्हणे, हा माझा माणूस नव्हे, टोळीवाल्याचा. टोळीवाला म्हणे, मीही हमालच. मोडलेल्या कमरेचा जबाब द्यायला कुणी पुढे येत नसे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाची गाठ इथेच आहे.

१९४८ साली दोन कायदे झाले. कारखाना अधिनियमाच्या कलम ३४ ने, इजा होईल इतकं जड ओझं कामगाराला उचलायला लावू नये असं सांगितलं आणि वजनाची कमाल मर्यादा ठरवायचा अधिकार राज्यांना दिला. दुसरा गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा. त्यातून गोदी मंडळं आली : कामगाराची नोंदणी मंडळाकडे, काम पाळीपाळीने मंडळाकडून, मुकादमाच्या मर्जीवर नाही. म्हणजे एका कायद्याने ओझ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने भरतीकडे. बाजारातला हमाल दोन्हींतून सुटला. धान्याची पेढी हा कारखाना नव्हे, आणि गोदीच्या फाटकाबाहेरचा रस्ता ही गोदी नव्हे.

ती फट बुजवायला वीस वर्षं लागली. पुण्यात पन्नाशीच्या दशकात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. ते स्वतः डॉक्टर होते. मुंबईत पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझं वाहणाऱ्यांची, युनियन बांधली. आज त्यांचं नाव मराठा आरक्षणाच्या संदर्भातच जास्त घेतलं जातं, आणि त्या झाकोळात १९६९ चं काम हरवतं. त्या वर्षी ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ झाला.

त्याची युक्ती गोदीवरून घेतलेली आहे. मालक कोण, हा वाद सोडवत बसण्याऐवजी कायद्याने मध्ये मंडळ आणलं. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी. हमालाचीही नोंदणी, पेढीचीही. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही, म्हणजे मालकाने भरायची जादा रक्कम. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, औषधोपचार. आणि १९२३ चा भरपाई कायदा नोंदीत कामगारांना लागू होईल, हेही कायद्यात लिहून टाकलं. व्यापारी उच्च न्यायालयात गेले, पण कायदा टिकला. पुढे १९७८ मध्ये केरळने डोक्यावर ओझं वाहणाऱ्या कामगारांसाठी स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रातच १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर मंडळं आली.

एवढं करूनही पोत्याचं वजन हललं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये, म्हणजे माथाडी कायद्याच्या दोनच वर्षं आधी, अतिभाराविषयीचा करार केला होता. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये, असा आकडा दिला होता. आपल्या मंडळाच्या हाती मात्र नोंदणी आणि लेव्ही. पोत्यात किती भरायचं हे ठरतं गिरणीत, साखर कारखान्यात, नाहीतर शेतावर. नगावर मजुरी असेल तर पोतं मोठं ठेवण्यात भरणाऱ्याचाच फायदा. त्यामुळे ५० किलोच्या गोणीसाठी संघटनांना पुन्हा पुन्हा काम बंद करावं लागलं. धान्य-साखरेत ही लहान गोणी, म्हणजे ‘कट्टा’, रुळला. कांदा-बटाट्याच्या जड गोण्यांवरून वाशीच्या बाजारात अजूनही खटके उडतात, कारण गोणी परजिल्ह्यातून किंवा परराज्यातून भरूनच येते आणि गाळ्यावर आल्यावर ती परत कोण पाठवणार? केरळची मर्यादा तर ७५ किलो होती. ती ५५ वर आणायचा निर्णय तिथल्या सरकारने २०२१ मध्ये घेतला.

दरम्यान काम जागा बदलतं आहे. भिवंडीच्या गोदामांत खोकी उतरवणारे तरुण बहुधा कंत्राटदारामार्फत येतात. त्यांना माथाडी म्हणायचं की नाही यावर वाद आहेत. दुसरीकडे, माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी उद्योगांनी इतक्या लावून धरल्या की २०२३ मध्ये सरकारने दुरुस्ती विधेयक मांडलं. खंडणीच्या तक्रारी खोट्या नाहीत. पण संघटनांची भीतीही समजण्यासारखी आहे : बोगस माथाडी हटवण्याच्या नावाखाली नोंदणीचं कवचच पातळ झालं, तर भिवंडीतला मुलगा उद्या जखमी झाल्यावर त्याला पुन्हा तेच दोन जबाब ऐकावे लागतील, फक्त टोळीवाल्याच्या जागी कंत्राटदार असेल.