भूक मेली, झोप उडाली: हे मनाचं की केमोचं?

मिरजेत किंवा कराडला कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या रुग्णाला ‘भूक लागते का, झोप येते का, थकवा वाटतो का’ असं विचारलं, तर काय उत्तर येणार हे उघड आहे. नैराश्य मोजणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्यांत हेच प्रश्न असतात. केमोनं भूक मरते, स्टेरॉइडनं झोप उडते आणि औषधाचा परिणाम मनाच्या नावावर जमा होतो. म्हणून झिगमंड आणि स्नेथ या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८३ मध्ये रुग्णालयांसाठी केलेल्या, चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या एचएडीएस प्रश्नावलीतून शारीरिक लक्षणं जवळजवळ गाळली. तिच्यात १४ प्रश्न आहेत: ७ चिंतेचे, ७ नैराश्याचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण.

पण चिंता नाही म्हणजे मन समाधानी आहे, असं नव्हे. आशा, माणसांची साथ, आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव यांसाठी वेगळे प्रश्न लागतात, आणि ते परदेशातून जसेच्या तसे उचलता येत नाहीत. ‘माझे निर्णय मीच घेते’ याला आटपाडीच्या आजी ‘नाही’ म्हणतील. उपचाराचं त्यांनी विश्वासानं मुलावर सोपवलेलं असतं. तेवढ्यावरून त्यांचे गुण कापणं चूकच.

म्हणून अशी प्रश्नावली आपल्याच रुग्णांसाठी तयार करायची तर आधी त्यांच्याशी मोकळं बोलावं, नवं काही निघेनासं होईपर्यंत. शेवटी २० प्रश्न हवे असतील तर आधी ६० लिहावेत, म्हणजे नंतर गाळता येतात. ‘मला शांत आणि आशावादी वाटतं’ यात दोन प्रश्न आहेत; तोडावेत. ‘मला निराश वाटत नाही’ हे तर टाळावंच, कारण त्यावर ‘नाही’ म्हणणारा माणूस दुजोरा देतोय की नकार, हे कळत नाही. मग १०-१५ जणांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावं. जत तालुक्यात कन्नड बोलणारेही बरेच. त्यांच्यासाठी हे सगळं कन्नडमधून पुन्हा करावं लागतं.

सगळ्यात नाजूक गोष्ट नातेवाइकांची. उत्तर मुलगाच देऊन टाकतो. कधी आजाराचं नावच रुग्णापासून लपवलेलं असतं. त्यामुळे प्रश्नांत ‘कॅन्सर’ऐवजी ‘तुमचं दुखणं’ म्हणावं आणि शक्यतो रुग्णाशी एकांतात बोलावं.

तयार प्रश्नावलीच्या चाचणीसाठी दर प्रश्नामागे ५ ते १० रुग्ण धरतात. २० प्रश्नांना १०० ते २००. प्रश्नांचा आपसातला मेळ दाखवणारा क्रॉनबाख अल्फा ०.७ च्या वर हवा. तो ०.९५ च्याही वर गेला, तर एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली जातेय असं समजावं. दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. पण २१ दिवसांच्या केमोचक्रात तिसरा दिवस आणि सतरावा दिवस सारखे नसतात. उत्तरं बदलली तर दोष प्रश्नावलीचा की औषधाचा, हे सांगता येत नाही. ही फेरतपासणी उपचार संपवून फक्त तपासणीला येणाऱ्यांवर करावी. ऊसतोड कामगार असतील तर गळीत हंगाम बघूनच तारीख द्यावी, नाहीतर दुसऱ्या वेळी माणूसच सापडत नाही.

‘जगावंसं वाटत नाही’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ भेटेल, ही व्यवस्था पहिला कागद वाटण्याआधी झालेली हवी. घरी गेल्यावर बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक कागदावरच मोठ्या अक्षरांत छापावा.