जहाल स्त्रीवाद म्हणजे उदारमतवादाचा चढा आवाज नव्हे

टिळक-गोखल्यांमुळे 'मवाळ-जहाल' ही जोडी आपल्या कानात इतकी बसली आहे की 'जहाल स्त्रीवाद' म्हटलं की उदारमतवादी स्त्रीवादच, फक्त आवाज चढवलेला, असं वाटतं. म्हणून मला 'मूलगामी' हा शब्द जास्त पटतो. 'रॅडिकल' हा शब्दच लॅटिनमधल्या 'मूळ' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. वाद आवाजाचा नाही, दुखण्याचं मूळ कुठे आहे याचा आहे.

उदारमतवादी धारा जुनी. स्त्रिया मागे दिसतात त्या शिक्षण नाकारल्यामुळे, हे इंग्लिश लेखिका मेरी वोलस्टोनक्राफ्टने १७९२ सालीच मांडलं. दारं बंद आहेत, ती उघडा, असा हा आग्रह. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' याच वाटेने गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत नोकऱ्यांच्या जाहिराती 'पुरुष हवेत' आणि 'स्त्रिया हव्यात' अशा वेगळ्या रकान्यांत छापत. त्या रकान्यांविरुद्ध ही संघटना लढली, आणि ते गेले. याला कुणी किरकोळ म्हणू नये. पोटापाण्याचा प्रश्न होता तो.

मग मूलगामी स्त्रियांचं बिनसलं कुठे? गर्भपाताचं उदाहरण घ्या. निर्बंध घालणारे कायदे काढून टाका, ही मागणी या संघटनेनेही १९६७ साली केलीच होती. मागणी एकच, वाट वेगळी. फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळ समितीने या कायद्यावर तज्ज्ञांची मतं मागवली. तज्ज्ञ कोण, तर १४ पुरुष आणि एक नन! काही जणी तिथे उठून उभ्या राहिल्या: खऱ्या तज्ज्ञ आम्ही, आमचं ऐका. पुढच्याच महिन्यात 'रेडस्टॉकिंग्ज' या मूलगामी स्त्रियांच्या गटाने एका चर्चमध्ये सभा भरवली आणि १२ जणी स्वतःच्या गर्भपाताबद्दल लोकांसमोर बोलल्या. गर्भपात तेव्हा बेकायदा होता. जे आईलाही सांगता येत नाही ते भर सभेत सांगायचं, आणि एकीचं ऐकताना दुसरीला कळायचं की हे माझ्या एकटीचं नशीब नाही, ही सत्तेची रचना आहे. 'जे खासगी तेच राजकीय' याचा अर्थ हाच.

उदारमतवाद घराच्या उंबरठ्याशी थबकत असे. मूलगामी स्त्रियांनी थेट शेजघराबद्दल विचारलं. नवऱ्याने केलेल्या बलात्काराला गुन्हा म्हणायला अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांना १९९३ साल उजाडलं, आणि ते घडलं कायदेमंडळांतून आणि न्यायालयांतून, म्हणजे उदारमतवाद्यांच्याच वाटेने. आपल्याकडे मात्र २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही, बायको अठरा वर्षांची झालेली असेल तर, नवऱ्याला यातून सूट आहे.