राबाची राख: सह्याद्रीच्या उतारावरील शेतीचा इतिहास

महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या वाईत तो हजार मिलिमीटरही भरत नाही. त्यातले बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळते आणि उरलेले आठ महिने डोंगर कोरडा असतो. घाटमाथ्यावर आणि कोकणाकडच्या उतारांवर माणसाने कोणती पिके निवडली, ती कशी जगवली आणि पुढे सरकारशी त्याचा खटका नेमका कशावरून उडाला, हे समजून घ्यायचे तर या पावसापासूनच सुरुवात करावी लागते. पाणी येथे मुबलक आहे. मात्र ते जाताना माती आणि मातीतले अन्नद्रव्य बरोबर घेऊन जाते, आणि डोंगरातल्या शेतीचा सगळा खटाटोप हे नुकसान भरून काढण्यासाठी चालत आला आहे.

सह्याद्रीचा दगड सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. काही थर घट्ट आणि कठीण, तर काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे असल्यामुळे डोंगराची झीज सरळ उताराने न होता पायऱ्यापायऱ्यांनी होते. कड्याखाली जी सपाट पट्टी उरते तिच्यावर वरून घसरलेली माती साठते, सच्छिद्र थरात मुरलेले पाणी घट्ट थराला अडून त्याच पातळीवर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते, आणि म्हणूनच डोंगरातल्या वाड्या बहुतेककरून याच पट्ट्यांवर वसलेल्या दिसतात. गंमत अशी की देशावरची काळी कसदार जमीन आणि घाटमाथ्यावरची तांबडी, निकस जमीन एकाच दगडापासून बनलेली आहे. माथ्यावरच्या पावसाने लाखो वर्षांत त्यातील सिलिका, चुना आणि पोटॅश धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि त्यांचा जांभा झाला. महाबळेश्वर, पाचगणी आणि कास येथील सडे, म्हणजे उघडे सपाट माथे, जांभ्याचेच आहेत. कासच्या सड्यावर पावसाळ्यात रानफुलांचा बहर येतो, पण बोटभर मातीच्या त्या थरावर नांगर चालवून कोणाचे पोट भरले नसते.

अशा जमिनीत टिकणारी पिके म्हणजे नाचणी, वरी, हरीक ही भरड धान्ये आणि कारळे हे तेलबी. यांतली नाचणी आणि कारळे ही दोन्ही मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली, आणि ती काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली. सह्याद्रीतल्या घरात भाकरी नाचणीची आणि चटणी कारळ्याची असते. म्हणजे ज्या जेवणाला आपण अस्सल मावळी किंवा कोकणी म्हणतो, त्याच्या दोन मुख्य जिनसा दुसऱ्या एका डोंगराळ प्रदेशाने दिलेल्या आहेत. नाचणीचे बारीक, टणक दाणे वर्षानुवर्षे टिकतात, त्यांना सहसा कीड लागत नाही, आणि शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम देणारे दुसरे धान्य आपल्याकडे नाही. ज्या मुलखात एखादा पावसाळा हुकला तर बाहेरून धान्य येण्याची वाट सोपी नव्हती, तेथे भातापेक्षा नाचणीवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे होते.

चढाच्या जमिनीला महसुली भाषेत वरकस म्हणतात. तिच्यावर एका वर्षी साधारणपणे नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग हरीक किंवा कारळे असे फेर घेऊन ती काही वर्षे ओस टाकत, आणि झुडपे माजली की पुन्हा तोडून जाळत. जेथे चढ अधिक आणि रान दाट, तेथे कुदळीनेच बी टोचून केली जाणारी फिरती शेती होती. रायगडाच्या बाजूला ठाकूर आणि कातकरी तिला दळी म्हणतात, तर दक्षिणेकडे कारवारपर्यंत कुमरी हे नाव आहे. जमीन विसावली, तिच्यावर पुन्हा झाडोरा आला, तरच या पद्धतीचा हिशेब जुळतो. माणसे वाढून किंवा रान आकसून विसाव्याची वर्षे कमी झाली की उतार उघडा पडतो, हेही तितकेच खरे आहे.

भातखाचराची गोष्ट वेगळी. ओढ्याच्या काठाने दगडी ताली, म्हणजे बांध, रचून, वरून येणारा गाळ अडवून एकेक खाचर तयार होते आणि त्याला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून चढाची जमीन फोडून खाचर करण्याच्या रीतीला पडकई म्हणतात. ही शेती किती जुनी, याचा एक धागा कार्ल्याच्या लेण्यात सापडतो. तेथील सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत मामाळ विभागातले करजक नावाचे गाव लेण्यातील भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. मामाळ म्हणजे आजचे मावळ. आणि दान देण्याजोगे गाव म्हणजे ज्याचे उत्पन्न भिक्षुसंघाला पोसू शकेल असे गाव. नाणेघाटातून आणि बोरघाटातून जाणाऱ्या व्यापाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या घाटांच्या तोंडाशी भात पिकवणाऱ्यांकडे आपले लक्ष कमी गेले, असे मला वाटते.

आता राबाकडे, म्हणजे भाताच्या रोपाची जागा पालापाचोळा जाळून भाजून घेण्याच्या रीतीकडे वळू. फाल्गुन-चैत्रात शेतकरी रानात जाऊन ऐन, किंजळ अशा झाडांच्या कोवळ्या फांद्या तोडतो. त्याला कवळ तोडणे म्हणतात. पुढे भाताचे रोप जेथे करायचे त्या तुकड्यावर खाली शेण, त्यावर वाळलेले कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर असा राब रचला जातो. तो पेटवताना वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, जेणेकरून आग भडकून वरच्यावर न जाता सावकाश, धुमसत पुढे सरकेल आणि खालची माती नीट भाजून निघेल. पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत भात फेकतात, तीनेक आठवड्यांत रोप हाताएवढे होते आणि चिखलणी करून आवणीला, म्हणजे रोपे खाचरात लावायला, सुरुवात होते. रोपाचा तुकडा सगळ्या खाचरांच्या मानाने अगदी लहान असतो, म्हणजे डोंगरभर गोळा केलेले खत जेथे त्याचा सर्वाधिक उपयोग आहे तेवढ्याच जागी वापरले जाते.

इंग्रज वनाधिकाऱ्यांना ही झाडांची निव्वळ नासाडी वाटली. झाडाचे बुंधे मुंडके छाटल्यासारखे उभे राहतात आणि त्यांचे इमारती लाकूड होत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु राबाने नेमके काय साधते हे त्यांना सांगता येत नव्हते, आणि शेतकऱ्याला ते सांगण्याची गरज कधी पडली नव्हती. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरील १८९३ च्या अहवालात राबाची गंभीरपणे दखल घेतली. पुढे १९०९ साली इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवून दिले की माती काही काळ तापवली तर तिच्यात अमोनियाच्या रूपातील नत्र वाढते आणि पीक जोमाने येते. त्यांनी दिलेले कारण, म्हणजे जिवाणूंना खाणारे सूक्ष्मजीव उष्णतेने मरतात हे, नंतर मागे पडले. तापवलेल्या मातीत सेंद्रिय पदार्थ फुटून नत्र मोकळे होते, हे निरीक्षण मात्र टिकले. राबात याखेरीज आणखी दोन गोष्टी घडतात: तणाचे बी जळते, आणि पावसाने धुऊन नेलेले पोटॅश व चुना राखेतून परत मिळतो, त्यामुळे आंबट झालेली तांबडी माती थोडी सुधारते. झाडाची खोल मुळे जे खालून ओढून वर आणतात, ते पानांच्या वाटेने रोपाला पोचते.

याचा अर्थ असा की खाचर, वरकस आणि रान ही तिन्ही मिळून एकच शेत होते. दप्तरात मात्र ती वेगळी झाली. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले, आणि कुमरीला त्यांचा ठाम विरोध होता. मोजणीने खाचराला सर्व्हे नंबर आणि सारा दिला, आणि १८७८ च्या वनकायद्याने रान राखीव, संरक्षित अशा वर्गांत वाटले. आगगाडीला रुळांखालचे लाकूड आणि मुंबईला जळण हवे होते, तेव्हा हे रान कोणासाठी राखले गेले असे विचारणे गैर नाही. कवळ तोडणे हा गुन्हा ठरू लागला आणि ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्यानंतर सवलती मिळाल्या, पण हक्काची जागा परवानगीने घेतली.

त्याच काळात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकण, जावळी, पाटण, मावळ येथील कर्ते पुरुष तिकडे गेले. खताला रान नाही, जमीन तोकडी, अशा घराला मनीऑर्डरीचा आधार झाला आणि आवणीचा भार बायकांवर पडला. मग धरणे आली. घाटमाथ्यावरच्या धरणांच्या पाण्यावर चालणारे टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. साठच्या दशकात कोयनेचा जलाशय भरला. दरीच्या तळाशी पिढ्यान् पिढ्या गाळ अडवून केलेली खाचरे सर्वांत आधी पाण्याखाली जातात, हे या प्रत्येक धरणात घडले. कोयनेकाठची कित्येक कुटुंबे दूर हलवली गेली. जी राहिली ती वर सरकली, म्हणजे नेमकी त्या चढावर जेथे खाचर होत नाही.

अलीकडे वरकस पुष्कळ ठिकाणी पडीक आहे आणि तिच्यावर कारवीची झुडपे माजली आहेत. नाचणीला बाजारात भाव आला असला तरी ती टोचायला आणि राखायला गावात माणसे नाहीत. दळीच्या जमिनींचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासींना दावा करता येतो. नियमांत पुराव्यादाखल सपाटीकरण, बांध, घर अशा जमिनीवरच्या खुणा धरल्या आहेत. खाचरवाल्याला हे सोयीचे आहे. दळीवर मात्र बांध नसतो, सपाटीकरण नसते आणि ओस टाकलेला तुकडा चार-पाच वर्षांत रानासारखाच दिसू लागतो. त्यामुळे रायगडातल्या दावेदारांना जाणत्यांचे जबाब आणि ज्या खात्याने त्यांच्या आजोबांना दळी करण्याची परवानगी दिली त्याच वनखात्याची जुनी दप्तरे शोधावी लागतात. त्या दप्तरांत अनेक घरांनी मिळून कसलेली जमीन बहुधा गटाच्या एकाच प्रमुखाच्या नावाने लिहिलेली आढळते.