तुझी, माझी आणि आपली: वीस पोरांच्या कॉमेडीमागचं खरं घर

'युअर्स, माइन अँड अवर्स' म्हटलं की आता बऱ्याच जणांना २००५ चा डेनिस क्वेड आणि रेने रुसोचा पिक्चर आठवतो, पण तो रिमेक. मूळ पिक्चर १९६८ चा, ल्युसिल बॉल आणि हेन्री फोंडाचा, आणि त्याच्याही मागे कॅलिफोर्नियातलं एक खरंखुरं घर आहे.

हेलन नॉर्थचा नवरा अमेरिकन नेव्हीत होता, १९६० मध्ये विमान अपघातात गेला, पदरात आठ मुलं. त्याच वर्षी नेव्हीतल्याच फ्रँक बिअर्डस्लीची बायको आजारपणात गेली आणि त्याच्याकडे दहा. ६ सप्टेंबर १९६१ ला कार्मेलच्या मिशन चर्चमध्ये दोघांनी लग्न केलं, हेलन तेव्हा ३१ वर्षांची. पुढे दोघांची मिळून आणखी दोन झाली, म्हणजे एकूण वीस, आणि नावातलं 'अवर्स' म्हणजे तीच दोन. १९६५ मध्ये हेलनचं पुस्तक आलं, 'हू गेट्स द ड्रमस्टिक?', म्हणजे तंगडी कुणाला. तंगड्या दोन आणि खाणारी तोंडं वीस, नावातच अख्खं घर दिसतं.

पिक्चर याच पुस्तकावरून, दिग्दर्शक मेलव्हिल शेव्हल्सन. ल्युसिल बॉल तेव्हा ५६ वर्षांची होती, त्यामुळे तिशीतल्या बाईच्या रोलमध्ये ती वयाने खटकते, पण मला वाटतं ती हा रोल आतून ओळखत होती, कारण १९६० मध्ये देसी आर्नाझशी तिचा घटस्फोट झाला आणि १९६१ मध्ये, म्हणजे हेलनच्याच वर्षी, तिने दोन मुलं असताना गॅरी मॉर्टनशी दुसरं लग्न केलं.

आता गंमत बघा, तिचा स्वतःचा घटस्फोट झालेला पण पडद्यावर मात्र विधवा. तेव्हा फॅमिली कॉमेडीत घटस्फोटित आई क्वचितच चालायची. १९६९ मध्ये 'द ब्रेडी बंच' ही सिरियल आली, तिचा निर्माता शेरवूड श्वार्ट्झला आई घटस्फोटित दाखवायची होती तर चॅनलने नकार दिला, मग तिच्या पहिल्या नवऱ्याचं काय झालं ते सिरियलमध्ये स्पष्ट सांगितलंच नाही.

म्हणून हसवायचं तर आधी दोन मरणं लागायची, आणि १९६८ च्या पिक्चरचं मला मोठेपण वाटतं ते हे की तो त्या मरणांपासून पळत नाही. नेव्हीवाला बाप पोरांना नंबर देतो, खोल्यांना रंग, बाथरूमला अक्षरं, आणि एक पोरगं आपला कोड पाठ म्हणतं, 'इलेव्हन रेड ए'. अकरा नंबर, लाल खोली, ए बाथरूम. हसू येतं खरं, पण आई किंवा बाप नुकताच गमावलेलं ते लेकरू आहे हेही विसरता येत नाही.

रिमेकमध्ये आकडे उलटे केले, बापाची आठ, आईची दहा, त्यातली सहा दत्तक, बाप कोस्ट गार्डचा ॲडमिरल. दोघांचे पहिले जोडीदार इथेही वारलेलेच, पण दुःख मागे पडतं आणि सगळा जोर पोरांच्या भांडणावर आणि कट रचण्यावर.

आणि एक, हे माहीत असायलाच हवं. २०१३ मध्ये हेलनच्या आधीच्या मुलांपैकी एकाने आठवणींचं पुस्तक काढलं, त्यात त्याने लिहिलंय की घरातलं आयुष्य पडद्यावरच्यासारखं नव्हतंच, सावत्र बाप मारझोड करायचा. मी तेव्हापासून तो रंग आणि नंबरवाला सीन पूर्वीसारखा बघू शकलेलो नाही.