‘नॉन-सिस्टिम डिस्क’ या ओळीची पार्श्वभूमी

मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात रुसलेला पीसी टेबलावर ठेवला, की स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधीच प्रश्न यायचा, ‘आत फ्लॉपी राहिली नाही ना?’ फ्लॉपी म्हणजे फाइल ठेवायची, काढता-घालता येणारी डिस्क. पडद्यावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’ (डिस्कवर सिस्टिम नाही किंवा डिस्कमध्ये बिघाड) दिसलं की हार्ड डिस्क गेली म्हणून आपण हबकलेले. आणि पुष्कळदा फ्लॉपीच्या खाचेत, म्हणजे ए ड्राइव्हमध्ये, आदल्या रात्रीची फ्लॉपी तशीच!

याचं मूळ १९८१ सालचं. आयबीएमच्या पहिल्या पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच, त्यामुळे मशीन सुरू होताच बायोस, म्हणजे मशीनला जाग आणणारा चिपमधला प्रोग्रॅम, ए ड्राइव्ह चाचपायचा. १९८३ मध्ये एक्सटी मॉडेलबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली. तोवर ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींनी अडवलेली. हिच्या वाट्याला सी आलं, आणि चाचपण्याचा नंबरही फ्लॉपीनंतरचाच.

बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला छोटा तुकडा, अवघे ५१२ बाइट, मेमरीत घेतो आणि त्यातला प्रोग्रॅम चालवतो. डॉसने, म्हणजे त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमने, फॉरमॅट केलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर तो असतो, मग तीत नुसती पत्रं का असेनात. सिस्टिमच्या फाइल मिळाल्या नाहीत की तो ती ओळ छापून थांबतो. एवढ्याशा जागेत कारणांची फोड कुठे करणार? चुकीची फ्लॉपी असो की बिघडलेली डिस्क, वाक्य एकच.

१९८७ चा ‘स्टोन्ड’ व्हायरस याच सेक्टरमध्ये दडायचा. विसरलेल्या फ्लॉपीवर तो असला, तर एरर दिसेपर्यंत हार्ड डिस्कवर पोचलेला असे.

फ्लॉपी नसली तर संशय मशीनच्या आतल्या सेलवर. आयबीएमच्या १९८४ च्या एटी मॉडेलपासून हार्ड डिस्कची माहिती बॅटरीवर जगणाऱ्या सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत राहू लागली. सेल उतरला की तारीख थेट १९८० वर आणि मशीनला आपलीच डिस्क ओळखू येईना. मग सिलिंडर, हेड, सेक्टर हे डिस्कच्या रचनेचे आकडे हाताने भरायचे.

मुंबईची यात खास भर म्हणजे बुरशी. पावसाळ्यातल्या दमट हवेत कपाटातल्या फ्लॉपीच्या चकतीवर पांढुरके डाग धरत. तशीच आत सारली तर ड्राइव्हचं चकती वाचणारं हेडही बरबटणार. त्यातून हार्ड डिस्क रुसली तर मशीन सुरू करून देणारी स्टार्टअप फ्लॉपी वर्षाकाठी एखाद्या वेळी लागणारी, म्हणजे सगळ्यात जास्त दिवस कपाटात पडून राहणारी. दुकानदार म्हणूनच तिचं पत्र्याचं शटर सरकवून चकती आधी ट्यूबलाइटखाली धरायचा.