ब्रेक्झिट, आयर्लंडची सरहद्द आणि मिरजेतली व्हिसाची फाइल

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपियन आर्थिक समुदायात दाखल झालं, ज्याचं पुढं युरोपियन युनियन झालं. त्याच दिवशी ब्रिटनचा १९७१ चा इमिग्रेशन कायदा अमलात आला. पहिल्या घटनेमुळे फ्रान्स, इटली, पश्चिम जर्मनीतल्या कामगाराला ब्रिटनमध्ये येऊन नोकरी धरण्याची मोकळीक मिळाली. दुसरीनं भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज अशा राष्ट्रकुलातल्या बहुतेक माणसांची उरलीसुरली वाट बंद केली. एक दार उघडलं आणि दुसरं लागलं, तेही एकाच तारखेला.

आपल्याकडे ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याची, चर्चा २०१६ च्या सार्वमतापासून सुरू होते. सांगली-मिरजेतून आज नर्सिंगच्या, शिक्षणाच्या, आयटीच्या निमित्तानं जी मुलं-मुली ब्रिटन-आयर्लंडला निघतात, त्यांच्या घरच्यांना हा विषय कळायला हवा असेल तर मागं जावं लागतं. मिरजेत नर्सिंगचं शिक्षण शंभर वर्षांहून जुनं आहे, डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून ती परंपरा चालत आली. परदेशी जाणं इथं नवं नाही. नवं आहे ते नियमांचं दर सहा महिन्यांनी बदलणं, आणि त्या बदलाची मुळं युरोपच्या भांडणात आहेत.

राजकीय संघात असण्याचा सगळ्यात मोठा फायदा सांगली जिल्ह्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातले गलाई बांधव केरळपासून बंगालपर्यंत पसरलेले आहेत. जुने दागिने वितळवायचे, सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, हा त्यांचा धंदा. सणाला, यात्रेला ते गावाकडं येतात, घर इथं बांधतात, दुकान तिकडं चालवतात. यासाठी त्यांनी कधी परवाना मागितला नाही, कारण देशभर फिरण्याचा आणि कुठंही स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नं दिलेला आहे. एके काळी आटपाडी औंध संस्थानात होती आणि शेजारचं खानापूर इंग्रजी मुलखातल्या सातारा जिल्ह्यात. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतरच्या पिढ्यांनी मोकळीक गृहीत धरली. युरोपियन युनियननं सत्तावीस-अठ्ठावीस सार्वभौम देशांत जवळजवळ हीच गोष्ट करून दाखवली होती, आणि ब्रिटननं तीच सोडली.

आता ब्रिटनचा मागचा हिशेब. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार वसाहती आणि राष्ट्रकुलातले नागरिक ब्रिटिश प्रजाजन म्हणून तिथं येऊन राहू शकत होते. महायुद्धानं देश खिळखिळा झाला होता, हात हवे होते. त्याच वर्षी एम्पायर विंडरश हे जहाज जमैकाहून माणसं घेऊन आलं. पुढं पंजाबी, गुजराती, बंगाली, पाकिस्तानी आले. मग नाराजी वाढली तसे कायदे कडक होत गेले. १९६२ च्या कायद्यानं कामाचे परवाने लागू केले. १९६८ साली केनियातले भारतीय वंशाचे लोक ब्रिटिश पासपोर्ट हातात घेऊन येऊ लागले, तेव्हा पार्लमेंटनं तीन दिवसांत कायदा करून त्यांना रोखलं. १९७१ च्या कायद्यानं उरलेलं काम पूर्ण केलं. ज्याच्या वाडवडिलांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेलं, त्याला हक्क. बाकीच्यांना परवानगी लागणार.

युरोपच्या बाजूनं मात्र मोकळीक वाढतच गेली. १ मे २००४ रोजी पोलंडसह दहा देश युनियनमध्ये आले. नव्या देशांतल्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवणारे जुने देश तीनच होते : ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. जर्मनी-फ्रान्सनं काही वर्षं थांबवून ठेवलं. ब्रिटिश सरकारसाठी केलेला अंदाज वर्षाला पाच ते तेरा हजारांच्या निव्वळ वाढीचा होता. २०११ च्या जनगणनेत एकट्या पोलंडमध्ये जन्मलेले ५ लाख ७९ हजार लोक इंग्लंड-वेल्समध्ये मोजले गेले. पाहुणे वाढले, पण शाळा, दवाखाने, घरं त्या वेगानं वाढली नाहीत, आणि २००८ च्या मंदीनंतर सरकारनं खर्चही आखडला. स्थानिकांचा राग समजण्यासारखा होता. तो ज्या दिशेला वळवला गेला ते मात्र मला पटत नाही. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूनं कौल दिला.

बाहेर पडायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो आधीच आत असलेल्यांचा. युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये राहायला व्हिसा लागतच नव्हता, त्यामुळे कित्येकांकडे आपण इथं कधीपासून आहोत याचा एकही सरकारी कागद नव्हता. त्यांच्यासाठी सेटलमेंट योजना आली, मुदत ३० जून २०२१. साठ लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केले. म्हातारी माणसं आणि सरकारी देखभालीतली मुलं यांच्यापर्यंत पोचणं सगळ्यात अवघड गेलं. कागद नसण्याची किंमत ब्रिटननं नुकतीच पाहिली होती. विंडरशच्या पिढीतले, १९७३ च्या आधी कायदेशीरपणे आलेले लोक पन्नास वर्षांनी 'पुरावा दाखवा' या एका मागणीपुढं हतबल झाले. कोणाची नोकरी गेली, कोणाचे उपचार थांबले, कोणाला देशाबाहेर धाडलं. त्यांच्या आगमनाची कार्डं खुद्द गृहखात्यानंच २०१० मध्ये नष्ट केली होती. २०१८ मध्ये हे उघड झालं आणि गृहमंत्री अँबर रड यांना पायउतार व्हावं लागलं.

पण सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न जमिनीवरच्या रेषेचा होता. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली, उत्तरेकडचा भाग ब्रिटनमध्येच राहिला. दक्षिणेकडचं आयरिश फ्री स्टेट १९२२ मध्ये ब्रिटनपासून वेगळं झालं, म्हणजे तेही एका संघातून बाहेर पडणंच होतं. १ एप्रिल १९२३ पासून सीमेवर जकातीची नाकी बसली. रेषा जुन्या परगण्यांच्या हद्दीवरूनच ओढलेली, त्यामुळे ती शेतांतून, ओढ्यांतून, कुठं कुठं घरांतून जाते. पेटिगो नावाचं गाव नदीच्या मध्यावरून दोन देशांत विभागलेलं आहे. क्लोन्सहून कॅव्हनकडं जाणारा रस्ता दहाएक किलोमीटरमध्ये चार वेळा सीमा ओलांडतो. जवळपास पाचशे किलोमीटरच्या या सीमेवर रस्त्यांची ओलांडणी दोनशेहून अधिक. ही रेषा दुरुस्त करायला नेमलेल्या आयोगाचं काम १९२५ मध्ये गुंडाळलं गेलं आणि रेषा होती तशीच राहिली.

माणसांच्या बाबतीत मात्र दोन्ही सरकारांनी शहाणपण दाखवलं. मालावर जकात, पण ब्रिटिश आणि आयरिश माणसाला पासपोर्ट नाही, अशी सामायिक प्रवासक्षेत्राची व्यवस्था तेव्हापासून आहे. दुसऱ्या महायुद्धात ती थांबली आणि १९५२ मध्ये परत आली. १९४९ च्या ब्रिटिश कायद्यानं आयरिश नागरिकाला परका मानायचं नाही असं ठरवलं. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटननिष्ठ आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे यांच्यातल्या हिंसाचाराचं पर्व सुरू झालं, तीस वर्षं चाललं, साडेतीन हजारांच्या वर माणसं गेली. लष्करानं लहान रस्ते खड्डे पाडून बंद केले. जकातीची नाकी हल्ल्यांचं पहिलं लक्ष्य ठरली. ऑगस्ट १९७२ मध्ये न्यूरीच्या नाक्यावरच्या स्फोटात नऊ माणसं मेली. १९९३ मध्ये युरोपची एकल बाजारपेठ आली तशी जकातीची नाकी गेली, आणि १० एप्रिल १९९८ च्या, हा हिंसाचार थांबवणाऱ्या गुड फ्रायडे करारानंतर लष्कराच्या चौक्याही गेल्या. तिथं नाकं उभारणं म्हणजे आगीशी खेळ आहे, ही भीती अनुभवातून आलेली आहे.

सीमेवरचं नाकं परत आलं की काय होतं ते मिरजकरांनी कोरोनात पाहिलं. कर्नाटकनं म्हैसाळच्या पुढं कागवडला आणि महामार्गावर कोगनोळीला तपासणी लावून आरटीपीसीआरचा दाखला मागायला सुरुवात केली, आणि एरवी अथणी, रायबागहून सहज मिरजेच्या दवाखान्यांत येणारे पेशंट, त्यांचे नातेवाईक, दूधवाले, शेतमजूर सगळे अडकले. ते काही महिन्यांपुरतं होतं. आयर्लंडमध्ये ते कायमचं होणार होतं.

म्हणून ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत सगळ्यात जास्त वेळ या रेषेवर गेला. पंतप्रधान थेरेसा मे यांनी 'बॅकस्टॉप' आणला : दुसरा तोडगा निघेपर्यंत अख्ख्या ब्रिटननं युरोपच्या जकातव्यवस्थेत राहायचं. पार्लमेंटनं तो करार तीनदा फेटाळला, पहिल्यांदा तर ४३२ विरुद्ध २०२ मतांनी. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सीमा उचलून समुद्रात नेली. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपच्या नियमांत राहिलं आणि तपासणी ब्रिटनच्या मुख्य बेटावरून तिकडं जाणाऱ्या मालाची होऊ लागली. स्वतःच्याच देशात माल पाठवताना कागद! बियाण्याचे बटाटे, कुंड्यांतली रोपं, थंड मांस, सगळ्यांवर वाद झाले. ब्रिटनशी निष्ठा असलेल्या पक्षानं फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं उत्तर आयर्लंडचं बेलफास्टमधलं सरकार चालू दिलं नाही. ब्रिटन आणि युनियन यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर आराखड्यानं उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी कमी तपासणीची हिरवी मार्गिका आणि पुढं आयर्लंडला जाऊ शकणाऱ्या मालासाठी पूर्ण तपासणीची लाल मार्गिका केली, तेव्हा कुठं ताण सैल झाला.

डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. डब्लिनहून बेलफास्टला जाणारी बस सीमेवर सहसा थांबत नाही, पासपोर्टही सहसा कोणी मागत नाही. तरीही आयर्लंडमधल्या वास्तव्याच्या परवान्यावर भारतीय माणसाला उत्तर आयर्लंडमध्ये जाता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा लागतोच. हा नियम ब्रेक्झिटच्या आधीचा आहे. मोकळी सीमा ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांची; नाकं दिसत नाही म्हणून ती आपली होत नाही. मित्रांबरोबर सहज एका दिवसाची सहल केली आणि पुढच्या अर्जाला डाग लागला, असं कोणाचं होऊ नये.

संघ सोडणारं ब्रिटन पहिलं नव्हे. ग्रीनलंडनं १९८२ मध्ये कौल घेऊन १९८५ मध्ये समुदाय सोडला, पण तिथं प्रश्न मुख्यतः मासेमारीचा होता. आपल्याला जवळचं उदाहरण ब्रह्मदेशाचं. लोकमान्य टिळक १९०८ मध्ये मंडालेला गेले तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. १९३१ च्या जनगणनेत रंगूनमध्ये निम्म्याहून अधिक लोकसंख्या हिंदुस्थानी होती. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश वेगळा झाला. पहिली काही वर्षं ये-जा मोकळी ठेवली, पण १९४१ मध्ये स्थलांतर रोखणारा करार झालाच, आणि पुढच्याच वर्षी जपानी फौजांपुढं लाखो हिंदुस्थानी लोक जंगल तुडवत परतले. फाळणीतही असाच क्रम दिसतो. ऑगस्ट १९४७ मध्ये रेषा पडली, पश्चिम पाकिस्तानसाठी परमिट जुलै १९४८ मध्ये आलं, पासपोर्ट १९५२ मध्ये. रेषा एका रात्रीत पडते. माणसांवर कागद चढायला काही वर्षं जातात, आणि तोवर कित्येक कुटुंबं दोन्हीकडं अर्धी-अर्धी अडकलेली असतात.

ब्रिटनमध्ये हे कागद १ जानेवारी २०२१ पासून चढले. गुणांवर आधारित व्हिसाची नवी पद्धत आली. पोलंडचा माणूस आणि पलूसचा माणूस आयरिश अपवाद सोडता एकाच रांगेत उभे राहिले. जुलै २०२१ मध्ये पदवीनंतर दोन वर्षं काम करण्याचा ग्रॅज्युएट मार्ग सुरू झाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या केअर वर्करांना व्हिसा खुला झाला. युरोपीय कमी झाले, भारतीय आणि नायजेरियन वाढले. स्थलांतर कमी करायला बाहेर पडलेल्या देशात जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा केलेला आकडा, नऊ लाखांच्या वर गेलं. मग उलटा फेरा सुरू झाला : जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार-मुलं नेता येईनात, मार्चपासून केअर वर्करांनाही. २२ जुलै २०२५ ला परदेशातून केअर वर्करांची भरती बंद झाली. दोनच दिवसांनी, २४ जुलैला, भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या.

मालाची कथा तुलनेनं सोपी. तासगावची द्राक्षं रॉटरडॅमला उतरवून तिथून ब्रिटनला पाठवायची, तर युनियनच्या काळात तो देशातल्या देशातला प्रवास होता. आता मध्ये जकात आणि रोगमुक्तीचे कागद आले, आणि फवारणीच्या औषधांच्या उरलेल्या अंशाच्या मर्यादाही इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्ससाठी ब्रिटन स्वतः ठरवतं. निर्यातदार हे शिकले.

माणसांचं तसं नाही. मिरजेतल्या एखाद्या मुलीची फाइल उघडून पाहा. विद्यापीठाचं किंवा नोकरी देणाऱ्याचं पत्र, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, टीबी नसल्याचा ठरलेल्या केंद्रातलाच दाखला, शिकायला जात असेल तर सलग २८ दिवस खात्यात पडून राहिलेली रक्कम, वर आरोग्य अधिभार : विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, नोकरदारांना बहुतांशी १,०३५, आरोग्यसेवेतल्या व्हिसाला तो माफ आहे. ही रक्कम उभी करायला घरातलं सोनं गहाण पडतं, कधी द्राक्षबागेवर कर्ज निघतं. आणि हे सगळं ज्या नियमावर उभं, तो नियम ती तिथं पोचेपर्यंत बदललेला असू शकतो. कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आला, पदवीनंतरची दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीडच मिळणार आहेत.

केअर व्हिसाच्या काळात अनेक कंपन्यांचे परदेशी कामगार नेमण्याचे परवाने रद्द झाले, आणि तिथं गेलेल्या माणसांना नवा मालक शोधायला सहसा ६० दिवस मिळाले. एजंट हे सांगत नाहीत. नोकरी देणाऱ्या कंपनीकडे परवाना आहे का, याची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. परदेशी भरती करणारा एजंट १९८३ च्या आपल्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, आणि तेही आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतं. पैसे देण्याआधी ही दोन्ही पानं घरातल्या कोणीतरी उघडून बघितली पाहिजेत.